चिपाडातील वीज

(ऊस पिळून उरलेल्या चिपाडापासून साखर कारखान्यांत वीज तयार करतात. तेवढ्याच चिपाडापासून पूर्वीच्या दुपटीहून अधिक वीज कशी मिळू लागली, हे या पाठात सांगितले आहे. पाठातील हिशेब वहीत करून पाहा.)

मुलांनो, उन्हाळ्यात तुम्ही उसाचा रस प्यालाच असाल. रसवाला ऊस चरकात घालतो. तो दुमडून पुन्हा पुन्हा पिळतो. रस निघून गेला, की उरलेला चोथा बाजूला टाकतो. या चोथ्याला मराठीत चिपाड म्हणतात. साखर कारखान्यात उसाचे आधी बारीक तुकडे करतात आणि मग ते मोठमोठ्या लोखंडी रुळांमधून पिळतात. त्यामुळे तेथील चिपाड भुशासारखे बारीक असते. कारखान्यातील लोक त्याला ‘बगॅस’ असे म्हणतात.

एक टन ऊस गाळला, तर साखर निघते सुमारे १०० ते ११० किलो. पण चिपाड निघते सुमारे ३०० किलो! म्हणजे साखरेच्या जवळजवळ तिप्पट. एवढ्या चिपाडाचे करायचे काय?

खेड्यातील गुऱ्हाळवाल्यांना याचे उत्तर फार पूर्वीपासून माहीत आहे. गुऱ्हाळात रस आटवण्यासाठी मोठी काहील असते. काहिलीखाली चुलवाण असते. या चुलवाणात जळण म्हणून चिपाडच घालतात. मात्र चरकातून निघालेले ओले चिपाड ते लगेच जाळत नाहीत. आधी ते उन्हात पसरून वाळवतात. ओले चिपाड नुसते धुमसते आणि वाळलेले चिपाड धडधडून पेटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. ही छोटीशी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

साखर कारखान्यातही चिपाडच जाळतात. ते बॉयलरच्या भट्टीत जाळले, की त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफ जोराने टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. पाती फिरतात. त्यांना जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ अजून गरमच असते. ती रस तापवण्यासाठी आणि आटवण्यासाठी वापरतात. तिचे पाणी झाले, की ते पाणी पुन्हा बॉयलरमध्ये जाते. पाण्याची वाफ, वाफेचे काम, वाफेचे पुन्हा पाणी, असे हे चक्र हंगामभर चालते. एकाच जळणापासून वीजही मिळते आणि उष्णताही मिळते, म्हणून या पद्धतीला सहवीजनिर्मिती असे नाव आहे.

महाराष्ट्रात प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्यानंतर गावोगावी असे कारखाने उभे राहिले. हे कारखाने आपल्यापुरती वीज चिपाडापासूनच तयार करत. परंतु त्या काळच्या यंत्रांबद्दलची एक गोष्ट ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. त्या यंत्रांत चिपाडाची बरीच उष्णता वाया जात असे आणि त्याची फारशी कोणाला खंत नसे!

असे का बरे? कारण जास्तीची वीज विकत घेणारे सहसा कोणी नव्हते. चिपाड साठवणेही सोपे नव्हते. ते वजनाने हलके, पण जागा फार अडवणारे. गंजीला आग लागण्याची भीती असे. ते ओले राहिले, तर त्याला बुरशी येई आणि बुरशीची धूळ मजुरांच्या छातीत जाऊन त्यांना दम्यासारखा आजार होई. म्हणून चिपाड लवकर जळून संपले, तर बरेच असे वाटे. जी वस्तू फुकट मिळते आणि जिची अडचणच होते, तिची काटकसर कोण करणार?

पुढे दिवस पालटले. शेतीला पाणी उपसण्यासाठी वीज हवी झाली. शहरांतील कारखान्यांना ती कमी पडू लागली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे हजारो यंत्रमाग आहेत. वीज गेली, की माग थांबतात आणि माग थांबले, की विणकराची मजुरी बुडते. तुमच्यापैकी काहींनी हे आपल्या घरीच पाहिले असेल. आता चिपाड हा कचरा राहिला नाही. ते मोलाचे जळण ठरले. केंद्र सरकारने १९९४ मध्ये चिपाडापासून सहवीजनिर्मिती वाढवण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जास्तीची वीज विकत घेतली जाऊ लागली. मग अभियंत्यांनी विचार केला, ‘ऊस तेवढाच, चिपाडही तेवढेच, मग वीज जास्त कशी मिळेल?’

याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते. जळण वाढवू नका, नासाडी कमी करा. घातलेल्या उष्णतेपैकी किती उष्णता उपयोगी पडली, यावरून यंत्राची कार्यक्षमता ठरते. ही कार्यक्षमता वाढवण्याचे मार्ग आपण एकेक करून पाहू.

पहिला मार्ग गुऱ्हाळवाल्यांचाच आहे. जळण कोरडे करा. कारखान्यातील चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. एक किलो असे चिपाड जाळले, तर सुमारे २,२७० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. पण त्यातील अर्धा किलो पाण्याचीही वाफ होते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे अर्ध्या किलोला २७० किलोकॅलरी लागल्या. ही वाफ टर्बाइनकडे जात नाही. धुराबरोबर धुराड्यातून निघून जाते. आठातील जवळजवळ एक भाग उष्णता अशी वाया जाते.

हजारो टन चिपाड उन्हात पसरणे कारखान्याला शक्य नसते. म्हणून शेवटच्या रुळांमध्ये ते अधिक दाबून पिळतात. पिळून पाणी काढायला जेवढी शक्ती लागते, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ते जाळून उडवायला लागते. ओले कपडे आपणही आधी पिळतो आणि मगच वाळत घालतो, तसेच हे आहे. काही ठिकाणी धुराड्याकडे जाणाऱ्या गरम धुरावर चिपाड वाळवतात.

दुसरा मार्ग म्हणजे धुराबरोबर जाणारी उष्णता अडवणे. भट्टीतील धूर बाहेर पडताना खूप गरम असतो. त्याच्या वाटेत पाण्याच्या नळ्या बसवल्या, तर बॉयलरचे पाणी आधीच तापते. हवेच्या नळ्या बसवल्या, तर भट्टीत गरम हवा जाते आणि चिपाड लवकर पेट घेते. धुराचे तापमान सुमारे २० अंशांनी उतरवले, तर बॉयलरची कार्यक्षमता जवळजवळ एका टक्क्याने वाढते. मात्र धूर फार थंडही करून चालत नाही. कारण मग त्यातील वाफेचे पाणी होऊन लोखंड गंजते. हवेचेही असेच आहे. हवा कमी पडली, तर चिपाड अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. हवा जास्त झाली, तर ती उष्णता घेऊन फुकट बाहेर जाते. म्हणून हवा मोजूनमापून सोडावी लागते.

तिसरा मार्ग सर्वांत महत्त्वाचा आहे. तो समजण्यासाठी आपण फ्रान्सला जाऊ. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. उष्णतेपासून काम कसे मिळते, याचा विचार त्याने त्यात मांडला. त्यासाठी त्याने धबधब्याची उपमा दिली. पाणी जेवढ्या उंचीवरून पडेल, तेवढे जास्त काम करते. आपल्या कोयनेचे पाणी डोंगरातून खाली पोफळीला उतरते, म्हणूनच त्यापासून एवढी वीज मिळते. उष्णताही अशीच वरून खाली येते, म्हणजे जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे येते. दोन तापमानांतील अंतर जेवढे मोठे, तेवढे जास्त काम तिच्याकडून करून घेता येते.

मग वाफेचे तापमान वाढवायचे कसे? त्यासाठी दाब वाढवावा लागतो. घरच्या प्रेशर कुकरचे उदाहरण घ्या. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये दाब असतो, म्हणून तेथे ते सुमारे १२० अंशांना उकळते आणि डाळ लवकर शिजते. बॉयलर हा एक प्रचंड कुकरच समजा. जुन्या कारखान्यांत वाफेचा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो असे आणि वाफेचे तापमान ३४० अंशांच्या आसपास असे. नव्या कारखान्यांत हा दाब ६७, ८७, तर काही ठिकाणी ११० किलोपर्यंत नेला आहे. तापमान ५०० अंशांच्या वर, ५४० अंशांपर्यंत जाते. धबधब्याची उंची वाढली! जुन्या यंत्रात एक युनिट वीज तयार करायला सुमारे ११ किलो वाफ लागे. नव्या यंत्रात रसाकडे जाणारी वाफ सुमारे ६ किलोंतच एक युनिट देते.

एवढ्या दाबाला तोंड देणे सोपे नाही. बॉयलरच्या नळ्या विशेष पोलादाच्या कराव्या लागतात. पाणी अतिशय शुद्ध लागते. पाण्यात क्षार असतील, तर चहाच्या किटलीत बसतात तसे ते नळ्यांच्या आत बसतात. मग नळी तापून फुटू शकते. रसाचा एखादा थेंब परतीच्या पाण्यात मिसळला, तरी बॉयलरला धोका असतो. म्हणून या पाण्याची सतत तपासणी करतात. एक गोष्ट मात्र सोयीची आहे. उसावर पाणी शिंपडून तो पिळतात, त्यामुळे त्यातील पुष्कळसे क्षार रसाबरोबर धुऊन जातात. म्हणूनच शेतातील पाचट किंवा गवताचा पेंढा यांच्यापेक्षा चिपाड बॉयलरला कमी त्रास देते.

चौथा मार्ग पाहा. चुलीवर पाणी खळखळ उकळत आहे आणि तुम्ही त्यात तांब्याभर थंड पाणी ओतले, तर काय होईल? उकळी लगेच बसेल. बॉयलरचेही तसेच असते. म्हणून टर्बाइनमधून मधल्या टप्प्यावर थोडी वाफ काढून घेतात आणि तिने बॉयलरकडे जाणारे पाणी तापवतात. या वाफेने थोडे काम आधीच केलेले असते. उरलेली तिची उष्णता पुन्हा बॉयलरमध्येच परत येते, बाहेर जात नाही.

पाचवा मार्ग रस आटवण्याच्या कामात सापडतो. कारखान्यात सर्वांत जास्त वाफ याच कामाला लागते. तेथे वाफ वाचली, तर ती विजेसाठी मिळते. या वाफेची बचत करण्याची युक्ती प्रथम कोणी काढली, ते आता ऐका.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहरात १८०६ साली नॉर्बर्ट रिलियू याचा जन्म झाला. त्याची आई आफ्रिकी वंशाची होती. त्या काळी अमेरिकेत गुलामगिरी होती. साखर तयार करण्याचे काम गुलामांकडून करून घेत. ओळीने मांडलेल्या कढयांत रस उकळत असे आणि गुलाम लांब दांड्याच्या पळ्यांनी तो एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतत. अंगावर उकळता रस उडून कित्येक जण भाजत. सरपणही अतोनात लागे. रिलियूने पॅरिसला जाऊन वाफेच्या शास्त्राचा अभ्यास केला. नंतर मायदेशी येऊन त्याने एक नवे यंत्र तयार केले. १८४३ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले.

त्याची युक्ती अशी होती. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. रिलियूने बंद भांडी ओळीने जोडली आणि पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी कमी ठेवला. पहिल्या भांड्यातील रसाची जी वाफ निघाली, तिनेच दुसऱ्या भांड्यातील रस उकळला. दुसऱ्याच्या वाफेने तिसऱ्यातला उकळला. एकाच वाफेकडून तीनतीन वेळा काम करून घेतले! उकळता रस हाताने ओतण्याचे कामही संपले. आज आपल्या कारखान्यांत अशी चार किंवा पाच भांडी एकापुढे एक जोडलेली असतात. पूर्वी एक टन उसामागे रसाला ५०० किलोंहून अधिक वाफ लागे. चांगल्या कारखान्यांत आता सुमारे ४०० किलो वाफ पुरते. काही ठिकाणी तर त्याहूनही कमी लागते.

सहावा मार्ग लहान वाटतो, पण उपयोगी आहे. ऊस पिळणारे रूळ फिरवण्यासाठी पूर्वी लहान लहान वाफेची यंत्रे असत. ती वाफ फार खात आणि काम थोडे करत. त्यांच्या जागी विजेच्या मोटारी बसवल्या. आता सगळी वाफ एका मोठ्या, चांगल्या टर्बाइनकडे जाते.

हे सगळे केल्यावर काय फरक पडतो? आपण एक टन उसाचा ढोबळ हिशेब करू. ३०० किलो चिपाडापासून सुमारे ६५० किलो वाफ मिळते असे धरा.

जुन्या कारखान्याला सुमारे ५५० किलो वाफ पुरत असे. ११ किलो वाफेला एक युनिट, म्हणजे ५० युनिट वीज झाली. उरलेले चिपाड गंजीत पडून राही.

नव्या कारखान्यात रसासाठी ४०० किलो वाफ लागते. ही वाफ टर्बाइनमधून जाताना ६ किलोला एक युनिट देते. म्हणजे सुमारे ६६ युनिट झाले. राहिलेली २५० किलो वाफ थंड पाण्याच्या नळ्यांवर नेऊन तिचे पाणी करतात. तेथे दाब अतिशय कमी असतो, त्यामुळे वाफेला आणखी खालपर्यंत ‘पडता’ येते. ही वाफ सुमारे ४ किलोला एक युनिट देते. म्हणजे आणखी सुमारे ६२ युनिट झाले. एकूण वीज १२८ युनिट!

ऊस तोच, चिपाड तेच. पण ५० च्या जागी १२८ युनिट मिळाले. रोज २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना घ्या. टनामागे ७८ युनिट जास्त, म्हणजे दिवसाला १,९५,००० युनिट जास्त झाले. नव्या पंपांना आणि मोटारींना त्यातील काही वीज लागते. ती वजा करून दीड लाख युनिट उरले असे समजा. एका घराला दिवसाला ३ युनिट लागतात असे धरले, तर ५०,००० घरांना पुरेल एवढी ही वीज आहे.

तरीही चिपाडातील सगळी उष्णता विजेत उतरत नाही. एक युनिट विजेत सुमारे ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते. त्या हिशेबाने पूर्वी जाळलेल्या चिपाडाच्या उष्णतेपैकी शंभरातील जेमतेम आठ भागांची वीज होत असे. आता सुमारे सोळा भागांची होते. हे आकडे लहान दिसतात. पण लक्षात घ्या, टर्बाइनमधून गेलेली वाफ येथे रस आटवण्याचे कामही करते. नुसती वीज करणाऱ्या औष्णिक केंद्रात अशा वाफेची उष्णता बहुतेक सगळी थंड पाण्याबरोबर सोडून द्यावी लागते. साखर कारखान्याचा मोठा फायदा हाच आहे.

काही अडचणी मात्र आहेत. ऊस गाळण्याचा हंगाम वर्षातून चारपाच महिनेच असतो. हंगाम संपला, की चिपाड येणे बंद होते. म्हणून वाचवलेले चिपाड नीट झाकून ठेवावे लागते. ही यंत्रे महाग असतात. त्यांसाठी काढलेले कर्ज फेडावे लागते. पाऊस कमी झाला, तर ऊस कमी येतो आणि यंत्रे बसून राहतात. धुराबरोबर राख उडून आसपासच्या गावांवर पडू नये, म्हणून राख पकडणारी साधने बसवावी लागतात. आणखी एक गोष्ट आहे. चिपाड कमी पडले, म्हणून शेतातील सगळे पाचट उचलून आणून जाळणे शहाणपणाचे नाही. पाचट कुजून जमिनीचा कस वाढतो. जमिनीचे देणे जमिनीला द्यायलाच हवे.

दगडी कोळसा जाळला, तर जमिनीत कोट्यवधी वर्षे गाडलेला कार्बन हवेत येतो. चिपाड जाळल्यावरही धूर होतो. पण त्यातील कार्बन उसाने आदल्या वर्षीच हवेतून घेतलेला असतो आणि पुढच्या वर्षीचा ऊस तो पुन्हा घेतो. म्हणून चिपाडाची वीज कोळशाच्या विजेपेक्षा चांगली मानतात. तरीही उसाला पाणी फार लागते, हे विसरता येत नाही. केवळ विजेसाठी ऊस वाढवत नेणे बरोबर नाही. जो ऊस साखरेसाठी लावलाच आहे, त्याच्या चिपाडाचा कण न् कण नीट वापरणे हेच खरे काम आहे.

आणि हे चिपाड तरी आपोआप कोठे आले? कोणी ऊस लावला, कोणी रात्री जागून त्याला पाणी दिले. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या मजुरांनी थंडीत पहाटे उठून तो तोडला, मोळ्या बांधल्या आणि गाडीत भरला. एवढ्या कष्टाने आलेली वस्तू निष्काळजीपणाने जाळणे म्हणजे त्या कष्टांचीच नासाडी करणे होय. कारखान्यातील वीज तारांमधून दूरवर जाते. शेतातल्या पंपाला, गिरणीला, यंत्रमागाला आणि तुमच्या अभ्यासाच्या दिव्याला ती मिळते. बटण दाबल्यावर येणारी वीज कोठून आली, हे आपल्याला ओळखता येत नाही. पण तिच्या प्रत्येक युनिटामागे कोणाचा तरी घाम असतो. कारखान्यात अभियंते एकेक टक्का वाचवतात. घरात आणि शाळेत विनाकारण चालू असलेला दिवा आणि पंखा बंद करणे आपल्या हाती आहे. नासाडी थांबवणे हीसुद्धा एक प्रकारची निर्मितीच आहे.

शब्दार्थ

चोथा : रस काढल्यावर उरलेला भाग
चरक : ऊस पिळण्याचे यंत्र
गुऱ्हाळ : गूळ तयार करण्याची जागा
काहील : रस आटवण्याची मोठी, पसरट कढई
चुलवाण : गुऱ्हाळातील मोठी चूल
आटवणे : उकळून घट्ट करणे
गाळप : ऊस पिळून रस काढण्याचे काम
गंजी : रचून ठेवलेला ढीग
पाचट : उसाची वाळलेली पाने
जनित्र : वीज निर्माण करणारे यंत्र
धुराडे : धूर बाहेर जाण्याची उंच नळी
कस : जमिनीचा सुपीकपणा
नासाडी : वस्तू वाया घालवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक टन उसापासून सुमारे किती चिपाड मिळते?
(आ) सहवीजनिर्मिती कशाला म्हणतात?
(इ) सादी कार्नोने कशाची उपमा दिली?
(ई) रिलियूला पेटंट कोणत्या साली मिळाले?

२. कारणे लिहा.
(अ) जुन्या कारखान्यांना चिपाड लवकर संपावे असे वाटे.
(आ) बॉयलरचे पाणी अतिशय शुद्ध असावे लागते.
(इ) शेतातील सगळे पाचट जाळणे शहाणपणाचे नाही.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ओले चिपाड जाळल्याने उष्णता कशी वाया जाते?
(आ) प्रेशर कुकर आणि बॉयलर यांच्यांत कोणते साम्य आहे?
(इ) रिलियूच्या यंत्रामुळे कोणते दोन फायदे झाले?

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) चिपाडात जवळजवळ ______ पाणी असते.
(आ) जळण वाढवू नका, ______ कमी करा.
(इ) उघड्या पातेल्यात पाणी ______ अंश सेल्सिअसला उकळते.

५. हिशेब करा.
एक कारखाना रोज ४,००० टन ऊस गाळतो. टनामागे १२८ युनिट वीज मिळते. एका दिवसात एकूण किती युनिट वीज तयार होईल?

६. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरतात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
कारखाना, हवा, जमीन, मजूर, फायदा

७. वचन बदला.
भट्टी, नळी, मोळी, कढई, यंत्र

उपक्रम : एका महिन्याचे घरचे वीजबिल पाहा. किती युनिट वीज वापरली ते लिहा. पुढच्या महिन्यात ती कमी करण्यासाठी काय करता येईल, याची घरातील सर्वांशी चर्चा करा.